ब्लॉगच्या थीमला पन्नास ऑप्शन कशाला हवेत?

उंबरठा

परवा 'कोडिंग न येणाऱ्यांसाठी ब्लॉग थीम' (थीम म्हणजे ब्लॉगचं तयार रंगरूप) अशी एक पोस्ट इथे आली. तिच्यातलं म्हणणं असं की जितके जास्त ऑप्शन तितकी थीम नवख्या माणसाला सोयीची. प्रत्येक हेडिंगला वेगळा रंग, भरपूर फॉन्ट, वर स्लायडर म्हणजे फिरते फोटो, दोन्ही बाजूंना साइडबार, स्क्रोल केलं की ॲनिमेशन, आणि ज्या थीममध्ये हे नाही ती अर्धवट. तिथे दोन ओळींत उत्तर देऊन माझं समाधान होईना म्हणून वेगळा धागा काढतेय.

पोटापाण्यासाठी मी वेबसाइट करते पण ओळखीच्या लोकांना गूगलच्या ब्लॉगर या सेवेवर थीम करून देते ती हौसेने. निवृत्त शिक्षिका, ट्रेकवाली मुलं, द्राक्षबागेची रोजनिशी लिहिणारे एक काका. यांच्यापैकी कुणीही मला शंभर फॉन्ट मागितले नाहीत. ब्लॉगचं नाव आणि वरचा फोटो बदलता यावा, आवडीचा एक रंग लावता यावा, अक्षर मोठं करता यावं आणि आपण काहीही दाबलं तरी ब्लॉग मोडू नये, एवढंच. काहीही दाबलं तरी मोडू नये हे सगळ्यात कठीण आहे आणि ते ऑप्शन वाढवून होत नाही.

ब्लॉगरचं थीम डिझायनर, म्हणजे कोड न लिहिता थीमचे रंग-फॉन्ट बदलायचं पॅनेल, २०१० पासून आहे. थीमच्या कोडमध्ये बदलता येणारी जी व्हेरिएबल्स आपण जाहीर करतो तेवढीच त्या पॅनेलमध्ये दिसतात, म्हणजे लिहिणाऱ्यापुढे काय ठेवायचं हे थीम करणाऱ्याच्या हातात असतं. मी मुद्दाम थोडीच ठेवते. मुख्य रंग एक, लिंक आणि बटणाचे रंग त्या एकावरून ठरतात. प्रत्येक ठिकाणचा रंग सुटा दिला की पांढऱ्यावर पिवळी अक्षरं येतात आणि वाचणारा पळून जातो. साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट हवा असं वेब ॲक्सेसिबिलिटीचे नियम सांगतात, हे काकांनी का शिकावं? ते मी आधीच बघून ठेवायचं.

आणि मराठीचं तर कुणी बघतच नाही. इंग्रजी डेमोवर थीम देखणी दिसते, मराठी मजकूर टाकला की हेडिंगच्या वेलांट्या वरून कापल्या जातात, ओळी एकमेकींत घुसतात. कारण ओळीची उंची रोमन अक्षरांच्या हिशोबाने धरलेली असते. देवनागरीला मी ती अक्षराच्या १.७ पटीच्या आसपास ठेवते. हेडिंगला लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, लावलं की शिरोरेषा तुटते, सबंध शब्दाचे तुकडे. तो 'ऑप्शन' माझ्या थीममध्ये नाही आणि कधी येणारही नाही.

टाचणी

ती पोस्ट माझी नाही पण मुद्दा मला पटला होता म्हणून लिहितोय. उंबरठाताई, तुम्ही जे सांगताय त्याचा अर्थ एवढाच की तुमची आवड इतरांनी मुकाट्याने घ्यायची. माझा पाककृतींचा ब्लॉग आहे, मला पाककृतीला वेगळी मांडणी हवी, साहित्य एका बाजूला, कृती एका बाजूला, दिवाळीत वर फराळाचे फोटो फिरते हवेत. मला कोड येत नाही म्हणून मी हे मागायचंच नाही का? अशीच एक 'साधी सुटसुटीत' थीम घेतली होती, तिच्यात फोटोची रुंदी बदलता येईना, करणाऱ्याला विचारलं तर म्हणे तेच डिझाइन आहे. झालं. दोन वर्षांचं लिखाण घेऊन मला वर्डप्रेसवर, दुसऱ्या ब्लॉग-व्यवस्थेवर, जावं लागलं. तिथे २०२२ ला ५.९ ही आवृत्ती आली तेव्हापासून ब्लॉक थीम, म्हणजे सुट्या ठोकळ्यांनी जुळवायची थीम, असेल तर हेडर आणि फुटरसुद्धा माउसने हलवता येतात, एक अक्षर कोड न लिहिता. लोकांना झेपत नाही असं आधीच धरून चालू नका हो.

उंबरठा

टाचणी, साहित्य आणि कृतीची मांडणी ही गरज आहे, ती मी आनंदाने देईन. फिरते फोटो देणार नाही. तुमचा ब्लॉग वाचणारी बाई ओट्यापाशी उभी राहून मोबाइलवर बघतेय, रेंज एक काडी, आणि तिला आधी चार मोठे फोटो उतरवायला लावायचे. पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा असा गूगलचाच निकष आहे. स्लायडरचे मोठाले फोटो आणि त्यांची स्क्रिप्ट असली की बऱ्याचदा तिथेच वेळ जातो. फॉन्टचंही तेच. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा सहसा जड असते, वर चार वजनं, म्हणजे बारीक ते ठळक अशा चार जाड्या, घेतली की चार फाइली. त्यापेक्षा फोनमध्ये जो आहे तो वापरावा, अँड्रॉइडवर नोटो, आयफोनवर कोहिनूर, विंडोजवर निर्मला, तिन्ही वाचायला चांगले आहेत आणि काही उतरवावं लागत नाही.

म्युनिकवासी

फॉन्टचा विषय निघालाय म्हणून. इकडे जर्मनीत जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या कोर्टाने एका साइटवाल्याला १०० युरो भरपाई द्यायला लावली, कारण फॉन्ट गूगलच्या सर्व्हरवरून येत होता आणि वाचकाचा आयपी, म्हणजे त्याचा इंटरनेटवरचा पत्ता, त्याला न विचारता तिकडे जात होता. त्यानंतर इकडच्या लोकांना वकिलांची पत्रं यायला लागली. आमच्या मंडळाचा ब्लॉग वर्डप्रेसवर होता, थीम भारतातून घेतलेली, तिच्यात हे बंद करायचा ऑप्शनच नव्हता. म्हणून फोनचाच फॉन्ट वापरा याला माझं अनुमोदन.

टाचणी

मग सगळे ब्लॉग सारखेच दिसणार. आणि ब्लॉगर काय गूगलचं नाही? तिथे आयपी जातोच की. शिवाय फोनच्या फॉन्टमध्ये ल आणि श कुठल्या वळणाचे येतील ते सांगता येत नाही. २००९ च्या शासन निर्णयात मराठी वळणाचे ल आणि श दिलेत आणि आपण ब्लॉगवर हिंदी वळणाचे वाचायचे? मला टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट आवडतो, त्यात आपली अक्षरं आहेत, मी तोच लावणार.

उंबरठा

हा मुद्दा बरोबर आहे आणि तो फॉन्ट मलाही आवडतो. थीमच्या कोडमध्ये पानाची भाषा मराठी म्हणून जाहीर केली तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे मराठी वळण आपोआप येतं, ते मी करतेच. पण प्रत्येक फोनवर येईल असं सांगता येणार नाही. तेव्हा 'फोनचा फॉन्ट' आणि 'टिरो' असे दोन पर्याय ठेवते. दोनच.

रानवारा

मला कुणीतरी वेगळंच सांगा. मी फुकट थीम घेतली, खाली फुटरमध्ये करणाऱ्याच्या साइटची लिंक होती. ती काढली तर माझा ब्लॉग उघडला की सरळ त्याच्याच साइटवर जातो! कोड असा गुंतवून ठेवलाय की काही कळत नाही. साधी, फास्ट, कस्टमायझेबल असं लिहिलं होतं वर. ट्रेकचे एवढे वृत्तांत आहेत त्यात, ते जातील या भीतीने हात लावत नाही.

शाईची दौत

इथे फॉन्ट आणि स्लायडरवर एवढी चर्चा चाललीय पण जो ऑप्शन प्रत्येक मराठी लिहिणाऱ्याला हवा असतो त्याचं नावही कुणी घेतलं नाही. कॉपी बंद! राइट क्लिक बंद, सिलेक्ट बंद. मी वडिलांवर कविता लिहिली होती, ती मलाच नात्यातल्या ग्रुपवर फॉरवर्ड होऊन आली, खाली 'अनामिक', आणि सगळ्यांनी वर हात जोडलेले, सुरेख म्हणून. मी लिहिलं की ही माझी आहे तर एका वहिनींनी विचारलं, नक्की का? त्या दिवसापासून मी थीम घेताना आधी हेच बघते. ज्या थीममध्ये हे नाही ती माझ्यासारखीच्या काय कामाची?

चष्मा

ताई, कवितेचं वाईट वाटलं. पण तुमच्या त्या ऑप्शनमुळे माझ्यासारख्याला तुमची कविता वाचताच येत नाही. मला कमी दिसतं. मी मजकूर सिलेक्ट करतो आणि फोनला वाचायला लावतो. सिलेक्ट बंद असलं की संपलं. कित्येक थीममध्ये बोटांनी मोठं करणंही बंद केलेलं असतं, का तर डिझाइन हलतं म्हणे. काही ठिकाणी राइट क्लिक केलं की अंगावर येणारी पाटी, 'चोरी करू नका'. मी चोर नाही, वाचक आहे. मराठी ब्लॉग वाचायला आलो की हा अपमान नेहमीचा झालाय.

शाईची दौत

तुम्हाला अपमान वाटतो, मला माझं लेखन गेल्याचं दुःख आहे. दोन्ही एका तागडीत टाकू नका. दहा जण चोरून नेतात म्हणून मी दार लावते, त्यात एका चांगल्या माणसाची अडचण होत असेल तर त्याने मला मेल करावा, मी मजकूर पाठवेन.

चष्मा

प्रत्येक कविता वाचण्याआधी परवानगीचा मेल करायचा? हे तुम्ही खरोखर लिहिलंत?

टाचणी

अहो पण म्हणूनच ऑप्शन हवेत ना! ज्याला हवं त्याने कॉपी बंद करावी, ज्याला नको त्याने चालू ठेवावी. थीम करणारीने मध्ये पडायचं कारणच काय? मी दुपारपासून हेच सांगतोय.

उंबरठा

कारण हा ऑप्शन खोटा आहे आणि खोटं बटण मी देणार नाही. शाईची दौत, रागावू नका, शेवटपर्यंत वाचा. ज्याला चोरायचंय तो स्क्रीनशॉट काढतो आणि गूगल लेन्सने त्यातली अक्षरं उचलतो, देवनागरीसुद्धा. दुसरं म्हणजे तुमच्या ब्लॉगचं फीड, ज्यातून पोस्टी दुसऱ्या साइटना आणि ॲपना आपोआप मिळतात. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये ते 'पूर्ण' ठेवलं असेल तर अख्खी कविता थीमला हातही न लावता बाहेर मिळते, आपोआप उचलणाऱ्या साइट बऱ्याचदा तिथूनच घेतात. म्हणजे दारावर कुलूप आणि मागची भिंतच नाही. ते फीड 'शॉर्ट' करा, ते खरं काम आहे, त्याला थीम लागत नाही.

आणि कायदा तुमच्याच बाजूला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचा, नोंदणी सक्तीची नाही, हयातभर आणि त्यानंतर साठ वर्षं. कुणी ब्लॉगरवरच्या दुसऱ्या ब्लॉगवर कविता छापली तर गूगलकडे काढून टाकण्याचा फॉर्म भरता येतो, मूळ पोस्टची तारीख तुमच्याकडे आहेच.

शाईची दौत

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुठला फॉर्म भरू? वहिनींना नोटीस पाठवू? कायदा मला माहीत आहे, मी तुम्हाला थीमबद्दल विचारलंय. तुम्ही लोक नेहमी सांगता हे उपयोगाचं नाही, ते उपयोगाचं नाही. मग काय उपयोगाचं आहे ते तरी सांगा. नाव गेलं की माणसाकडे काही उरत नाही, मला लेखनाचे पैसे मिळत नाहीत, माझं नाव हीच माझी मिळकत आहे.

उंबरठा

बरोबर आहे, हे थीममध्ये सोडवायला हवं. लोक फॉरवर्ड करणारच, तर नावासकट करावेत अशी व्यवस्था करू. प्रत्येक पोस्टच्या शेवटी, वेगळ्या चौकटीत नाही, मजकुराला चिकटून, तुमचं नाव आणि पोस्टचा पत्ता आपोआप येईल. सगळं सिलेक्ट केलं तर नावही सोबत जातं. खाली व्हॉट्सॲपवर पाठवायचं बटण, त्यात शीर्षक, कवयित्रीचं नाव आणि लिंक आधीच भरलेली. पाठवणारी बहुतेक माणसं चोर नसतात, त्यांना सोपं पडतं ते करतात. नावासकट पाठवणं जास्त सोपं करायचं. आणि चष्मा यांना सिलेक्ट करता येईल, बोटांनी मोठंही करता येईल.

शाईची दौत

लावून बघते. पण ज्याला नाव खोडायचंय तो खोडेलच हे तुम्हीही नाकारू शकत नाही. आणि फीडचं मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, ते आज बदलते. चष्मा, सिलेक्ट चालू करते, तुमच्यासाठी. कॉपी झालं तर मात्र इथे येऊन लिहीन.

चष्मा

लिहा. वडिलांवरच्या कवितेची लिंक द्या, ऐकतो.

टाचणी

म्हणजे शेवटी ऑप्शन वाढलेच की, फॉन्टचे दोन, नावाचा एक, व्हॉट्सॲपचा एक. स्लायडरचं तुमचं म्हणणं असेल बरोबर, मोबाइलवर मीही तो पुढे ढकलूनच खाली जातो. पण साइडबार मला हवाच. पाककृतींची वर्गवारी, जुन्या पोस्टी, उपवासाचे पदार्थ हे सगळं तिथे असतं, त्याच्याशिवाय माझा वाचक हरवतो.

उंबरठा

रानवारा यांना आधी सांगते, ते दुपारपासून थांबलेत. तुमचे वृत्तांत थीममध्ये नसतात, पोस्टी वेगळ्या साठवलेल्या असतात, थीम बदलली तरी त्या जात नाहीत. तरी आधी सेटिंगमधून कंटेंटचा बॅकअप घ्या, थीमचाही वेगळा घ्या, साइडबारमध्ये काही स्वतः लिहिलं असेल तर ते उतरवून ठेवा, कारण गॅजेट्स, म्हणजे तिथल्या चौकटी, कधीकधी उडतात. मग ब्लॉगरची स्वतःची कुठलीही थीम लावा. जुनी दुरुस्त करत बसू नका, ज्याने कोड लपवून ठेवलाय त्याने आत आणखी काय ठेवलंय कोण जाणे.

टाचणी, साइडबार मोबाइलवर पार तळाला जातो, कमेंटच्याही खाली. तुमची उपवासाची यादी तिथे कुणालाही दिसत नाही. ती वर, शीर्षकाखाली एका ओळीत वर्गवारी म्हणून देते, नावं तुम्ही स्वतः बदलायची. साइडबार देणार नाही.

टाचणी

एका ओळीत बारा वर्ग बसवून दाखवा, मग बोलू.