रक्सौलला गोदामात पैसे घालावेत का?

पीथमपूरकर: इंदूरकडची सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीनची पेंड) नेपाळला जाते, म्हणून आम्ही तिघे बिहारच्या नेपाळ सीमेवरच्या रक्सौलला ४०,००० चौरस फुटांचं गोदाम बांधायच्या विचारात आहोत. गोदामांना इन्फ्रास्ट्रक्चरचा, म्हणजे पायाभूत सुविधेचा, दर्जा आहे म्हणतात; त्यावर सोप्या अटींचं कर्ज मिळेल?

छावणीवाला: नाही बसत. दर्जा २०१७ मध्ये मिळाला खरा, पण गोदामाला किमान १ लाख चौरस फूट आणि २५ कोटींची अट आहे. शीतगृहाला २० हजार चौरस फूट, १५ कोटी.

जुना राजवाडा: अहो, अख्खी रेक (पूर्ण मालगाडी) थेट सीमेपलीकडे नेपाळमधल्या वीरगंजच्या कोरड्या बंदरात (ड्राय पोर्ट, समुद्रापासून दूरचं मालाचं ठाणं) उतरते, तुमच्या दारात थांबायचीच नाही. उरला सुट्या ट्रकांचा माल. तेव्हा आधी एक पावसाळा भाड्याच्या गोदामात काढा. पेंडीतली ओल १२ टक्क्यांच्या वर गेली की थप्पी आतून तापते. मधल्या पोत्यात हात घातला की कळतं. खाली लाकडी पॅलेट, भिंतीपासून दोन फूट जागा सोडा.

पीथमपूरकर: मग भाड्याचंच बघतो.