मदत हवी आहे: १९७२ ची डॅटसन २४०झेड, गरम इंजिन बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही

नमस्कार.

माझ्याकडे १९७२ सालची डॅटसन २४०झेड आहे. अकरा वर्षे एका जागी उभी असलेली ही गाडी मी तीन वर्षांपूर्वी घेतली आणि तेव्हापासून बहुतेक सगळे काम घरीच, एकच गाडी मावेल एवढ्या शेडमध्ये, केले आहे. इंजिन मूळचेच आहे: एल२४, एका ओळीत सहा सिलिंडर, २३९३ सीसी, हिताचीचे एसयू पद्धतीचे दोन कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे भाग). गार इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू होते आणि रस्त्यावर तक्रारीला जागा ठेवत नाही. अडचण येते ती गाडी थांबवल्यानंतर, आणि गेले दोन महिने मी तिच्याशी झगडतो आहे.

अर्धा तास चालवून इंजिन बंद केले आणि दोन-तीन मिनिटांत पुन्हा सुरू केले, तर काहीही त्रास होत नाही. मात्र पंधरा-वीस मिनिटे उभी ठेवली की सेल्फ नुसता फिरत राहतो, इंजिन पकडत नाही आणि बॉनेट उघडताच पेट्रोलचा उग्र वास येतो. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून दहा-बारा सेकंद सेल्फ मारला तर काळा धूर ओकत ते कसेबसे सुरू होते आणि पुढे बराच वेळ अडखळत चालते. दोन-तीन तासांनी, सगळे पुरते निवल्यावर, पुन्हा पहिल्या सेल्फला तयार!

न सुरू होण्याच्या अवस्थेत प्लग काढून पाहिले. सहाही प्लग ओले आणि सारखेच काजळलेले होते. पुढचा कार्ब्युरेटर पहिल्या तीन सिलिंडरांना आणि मागचा उरलेल्या तिघांना पेट्रोल देत असल्याने, एकाच फ्लोट चेंबरचा (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्याचा) नीडल व्हॉल्व्ह, म्हणजे तिथे येणारे पेट्रोल अडवणारी झडप, गळत असता तर तीनच प्लग काळे व्हायला हवे होते. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी सारखेच बिघडले, हे मला पटत नाही. त्याच वेळी वेगळा प्लग लावून स्पार्क तपासला, तो चांगला निळा आहे. त्यामुळे कॉइल गरम होऊन दगा देते, ही शंका मी बाजूला ठेवली आहे.

आतापर्यंत केलेले काम असे. दोन्ही कार्ब्युरेटर खोलून साफ केले, नवीन नीडल व्हॉल्व्ह आणि गॅस्केट बसवले, नोझल (पेट्रोल सोडणारी नळी) वरच्या टोकापासून अडीच फेरे खाली घेऊन तिथून ट्यूनिंग केले आणि हवेचा ओघ मोजण्याच्या मीटरने दोघांचा मेळ घातला. टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट) गार इंजिनावर इनटेकला ०.२० आणि एक्झॉस्टला ०.२५ मिमी ठेवले. (जपानमध्ये हीच गाडी फेअरलेडी झेड या नावाने मुख्यतः दोन लिटरच्या एल२० इंजिनासह विकली जात असे, काही दिवस मी त्या आवृत्तीचीच पुस्तिका उघडून बसलो होतो, हे कबूल केलेले बरे.) पेट्रोलची टाकी उतरवून आतला गंज काढला आणि तो पुन्हा धरू नये म्हणून आतून दोन भागांचे सीलर फिरवले. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घातले. कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्यामधला मूळचा उष्णतारोधक पत्रा जागेवर आहे. पेट्रोलच्या पाइपांवर उष्णतारोधक वेष्टणही चढवून पाहिले, पण फरक पडला नाही.

एका ओळखीच्या मेकॅनिकने मूळचा पंप काढून टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवण्याचा सल्ला दिला आहे. मूळ रचनेत बदल करायला माझे मन तयार होत नाही; पण तोच एक उपाय असेल तर करीन. त्याआधी माझे काही चुकते आहे का, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

जाता जाता एक लहान प्रश्न. बॅटरीच्या तळाच्या पत्र्यावर रंगाचे फोड आले आहेत. घासून गंजरोधक रंग लावला तर चालेल का?

प्रतिसाद:

आपण लक्षणे इतकी नीट लिहिली आहेत की अर्धे निदान त्यातच झाले आहे. सहाही प्लग सारखे काळे, म्हणजे कारण दोन्ही कार्ब्युरेटरांना सामाईक आहे, हा आपला तर्क मला योग्य वाटतो. तो थोडा पुढे न्यावा लागेल.

एल मालिकेच्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट हेडच्या एकाच बाजूला असल्याने कार्ब्युरेटर तापलेल्या एक्झॉस्टच्या अगदी वर बसतात. इंजिन चालू असताना पंखा, वारा आणि सतत येणारे ताजे पेट्रोल त्यांना गार ठेवतात. बंद केले की तिन्ही एकदम थांबतात आणि खालची उष्णता वर चढत जाते. म्हणूनच तिसऱ्या मिनिटाला त्रास होत नाही आणि विसाव्या मिनिटाला होतो. आजचे पेट्रोल दाबाखाली चालणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्यांसाठी तयार होत असल्याने या जुन्या, उघड्या फ्लोट चेंबरांत ते लवकर उकळते, हेही खरे. पण हे सगळ्याच २४०झेड गाड्यांना लागू आहे आणि त्या सगळ्या आपल्या गाडीइतक्या अडून बसत नाहीत.

माझा संशय रिटर्न पाइपवर आहे. या गाडीत पंपाकडून आलेले पेट्रोल दोन्ही कार्ब्युरेटरांसमोरून जाते आणि उरलेले एका बारीक छिद्रातून रिटर्न पाइपने टाकीत परतते. इंजिन बंद झाल्यावर पाइपांत अडकलेले पेट्रोल तापून फुगते. पंपातले व्हॉल्व्ह त्याला मागे जाऊ देत नाहीत, म्हणून रिटर्न हीच त्याची मोकळी वाट. ती बुजली असेल तर वाढलेला दाब दोन्ही नीडल व्हॉल्व्हना एकाच वेळी ढकलतो, चेंबर भरून वाहतात आणि नोझलमधून पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये उतरते. नवे व्हॉल्व्हही तिथे टिकत नाहीत. पाइपांवरच्या वेष्टणाचा उपयोग का झाला नाही, तेही यातून उलगडते.

आता आपल्याच एका वाक्याकडे परत जा: टाकीत आपण सीलर फिरवले आहे. ते फिरवताना रिटर्नची आणि व्हेंटची (टाकीतली हवा-वाफ जाण्याच्या नळ्यांची) तोंडे बंद केली होती का, आणि सीलर सुकण्याआधी त्यांतून हवा मारली होती का?

तपासणी पूर्ण गार इंजिनावर, उघड्या जागेत आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच करा. इंजिनाजवळ रिटर्नचा रबरी पाइप सोडून त्याचे टोक धातूच्या डब्यात धरा आणि इंजिन थोडा वेळच चालवा. डब्यात पेट्रोल येत असेल तर छिद्र मोकळे आहे. मग टाकीचे झाकण उघडून, गाडीच्या अंगच्या रिटर्न पाइपमध्ये सायकलच्या पंपाने हलकी हवा भरा. टाकीत हवा शिरल्याचा आवाज यायलाच हवा. कॉम्प्रेसर मुळीच वापरू नका.

इलेक्ट्रिक पंपाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. या कार्ब्युरेटरांना जेमतेम तीन-चार पीएसआय दाब चालतो. रिटर्न बुजलेला असताना त्याहून जोरकस पंप लावला, तर आज वीस मिनिटांनी होते ते गाडी चालू असतानाच होईल.

बॅटरीच्या पत्र्याला रंग लावू नका. ॲसिड तिथून खाली चेसीच्या पोकळ पट्टीपर्यंत ओघळत जाते. फोड खरवडून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जोर देऊन पाहा. पत्रा आत दबला तर तो कापून नवा वेल्ड करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि खालची पट्टीही तपासावी लागेल.

धागाकर्ता (नऊ दिवसांनी):

आपले मनःपूर्वक आभार. पहिल्या तपासणीत डब्यात पेट्रोल व्यवस्थित आले. दुसऱ्या वेळी मात्र सायकलचा पंप दोन दट्ट्यांतच घट्ट झाला आणि टाकीत कसलाही आवाज आला नाही.

टाकी पुन्हा उतरवली. व्हेंटच्या नळ्यांना मी त्या वेळी बुचे मारली होती, त्यामुळे त्या मोकळ्या होत्या. रिटर्नची नळी मात्र माझ्या नजरेतून सुटली होती आणि तिच्या तोंडात सीलरचा मणी गच्च बसला होता. म्हणजे दोन महिने मी कार्ब्युरेटरांत शोधत होतो तो दोष मीच, गाडीच्या दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या हाताने घातलेला होता. टाकी रिकामी करून, धुऊन, काठोकाठ पाणी भरून आणि ड्रिलचे पाते नुसत्या बोटांनी फिरवत तो मणी काढला. मग टाकी पूर्ण वाळवून परत चढवली.

त्यानंतर चार वेळा अर्धा तास गाडी चालवून वीस मिनिटे उभी ठेवली. तीन वेळा पहिल्या सेल्फला सुरू झाली. चौथ्या वेळी, दुपारच्या कडक उन्हात, ॲक्सिलरेटर किंचित दाबावा लागला. काळा धूर मात्र नव्हता. फ्लोटची पातळी पुन्हा मोजून पाहणार आहे.

बॅटरीच्या पत्र्यातून स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. खालची पट्टी ठोकून पाहिली, तर हातभर लांबीपर्यंत आवाज बद्द येतो आहे. बॅटरी काढून ठेवली आहे. वेल्डिंगसाठी कुठे आणि किती कापायचे, याची छायाचित्रे काढून वेगळा धागा काढतो.