प्रशिक्षणार्थींचा खरा अभिप्राय कसा मिळवावा? सल्ला हवा आहे

आंतरवर्ग_निदेशक:
पोलीस शिपायांच्या प्रशिक्षण केंद्रात मी कायदा शिकवतो. सत्र संपण्यापूर्वी अध्यापन, मेस, वसतिगृह आणि दवाखाना यांविषयी प्रशिक्षणार्थी कितपत समाधानी आहेत, हे जाणून घ्यायचे आहे. गेल्या सत्रात जवळजवळ सर्वांनी प्रत्येक रकान्यात ‘उत्कृष्ट’ लिहिले आणि हाती काहीच लागले नाही. खर्चासाठी दोन हजार रुपये मंजूर आहेत.

टॅब_समर्थक:
आमच्या महाविद्यालयाने टॅब घेतले असून आलेखांसह निकाल लगेच मिळतो. निदान दहा तरी घ्यावेत.

निवृत्त_हवालदार:
दोन हजारांत टॅबचे कव्हर येईल. आमच्या वेळी तक्रारपेटी होती, पण ती कवायत निर्देशकांच्या खोलीसमोर टांगलेली असे. खरा प्रश्न मेसचा आहे. पहाटेच्या पीटीनंतर पोटभर नाश्ता मिळाला नाही, तर दुपारी कलमे कोणाच्या डोक्यात शिरणार?

उपनिरीक्षक_कोकण:
मेस महत्त्वाची आहेच, परंतु 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत आणि त्यांपैकी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करावे लागते. आमच्याकडे रुजू झालेल्या नव्या शिपायांना हे कलम पाठ होते, मात्र चित्रीकरण कोठून सुरू करावे हे ठाऊक नव्हते. म्हणून ‘समाधानी आहात का’ असे न विचारता ‘नमुना पंचनाम्याचे चित्रीकरण स्वतः केले का’ असे विचारावे आणि पोलीस ठाण्यात सहा महिने काढल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारावा.

बाह्यवर्ग_प्रेमी:
जमाव अंगावर आला की कलम नव्हे, कवायतीतली शिस्तच उपयोगी पडते. आंतरवर्गाचे, म्हणजे वर्गात शिकवायच्या विषयांचे, तास वाढवून मैदान ओस पाडू नये.

महिला_शिपाई:
मूळ प्रश्न अभिप्रायाचा आहे. आमच्या अर्जावर नाव नव्हते, तरीही प्लाटून (प्रशिक्षणार्थींची तुकडी) आणि भरतीचा जिल्हा विचारला होता. एखाद्या जिल्ह्यातून दोघीच आलेल्या असतील, तर स्वच्छतागृहाची तक्रार कोणी केली हे ओळखायला कितीसा वेळ लागणार? ते दोन रकाने काढून टाकावेत आणि अर्ज अंतिम निकालानंतरच भरून घ्यावेत.

टॅब_समर्थक:
टॅबवर नाव लपवण्याची सोय असते. पाच घेतले तरी चालतील.

आंतरवर्ग_निदेशक:
सर्वांचे आभार. अर्ज, पेटी आणि टॅब यांपैकी काहीच न वापरता, निकाल लागल्यावर मी वर्गात तोंडीच विचारणार आहे; मुले माझ्याशी मोकळेपणाने बोलतात.

महिला_शिपाई:
मुले बोलतील, सर. मुलींचे कोण विचारणार?

निवृत्त_हवालदार:
नाश्त्याचे मात्र अवश्य विचारा.