नवीन अकूस्टिक गिटारच्या फ्रेट्सवर काळपट थर आणि एका जागी झणझण, साफ करू की परत पाठवू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईने हवी आहे, कारण परत करायची मुदत रविवारी संपतेय आणि आज बुधवार.

गेल्या शुक्रवारी ऑनलाइन मागवलेली अकूस्टिक गिटार घरी आली. साडेअकरा हजारांची, माझी पहिलीच. मी मूळची मिरजेची, घरात सतार होती, लहानपणी सात-आठ वर्षं शिकले, त्यामुळे तारा, पडदे, जवारी हे सगळं हाताखालून गेलंय पण गिटारचं काहीच माहीत नाही. सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला असतो, सूर हलला तर सरकवायचा, सैल झाला तर सोडून परत बांधायचा, आणि नाहीच जमलं तर सतारमेकर गल्लीत नेऊन द्यायची. गिटारचा फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी, लाकडात खाच पाडून ठोकून बसवलेली, ती सरकवता येत नाही की बांधता येत नाही, म्हणून हात लावायची भीती वाटतेय.

काय काय दिसलं ते सांगते. फ्रेट्सवर चमक नाहीये, पहिल्या चार-पाच फ्रेट्सच्या कडेला लाकडालगत काळपट थर आहे, नखाने खरवडला तर थोडा निघतो, मेणासारखा. दोन ठिकाणी तर पितळी भांड्यात ताक कळकतं ना तसला हिरवटपणा पण आहे. नवीन वस्तूवर हे कसं काय? दुसरं म्हणजे मी सवयीने मींड काढायला तार आडवी ओढली तर पॉलिश पेपरवरून ओढल्यासारखी खरखर, ती बोटाला जाणवते आणि कानालाही ऐकू येते. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघितलं तर फ्रेटच्या माथ्यावर बारीक बारीक ओरखडे आहेत, सगळे तारेच्या दिशेने. शिवाय मानेच्या कडेने हात फिरवला की फ्रेट्सची टोकं टोचतात, कापसाचा बोळा फिरवून बघितला तर जवळजवळ प्रत्येक टोकाला तंतू अडकले.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी ज्याची वाटतेय ते म्हणजे सगळ्यात बारीक तार आठव्या फ्रेटवर दाबली की झणझणते. दुसरी तार पण तिथेच थोडी. नवव्यावर दाबली की स्वच्छ. सतारीत ही झणकार मुद्दाम घोडी घासून आणतात, कान त्यालाच सरावलेला, त्यामुळे पहिले दोन दिवस मला यात काही चुकतंय असं वाटलंच नाही, मग यूट्यूबवर दुसऱ्यांची गिटार ऐकली तेव्हा लक्षात आलं की त्यांची तशी वाजत नाही.

दुकानदाराच्या कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे नवीन गिटार आहे, वाजवत राहा, बसेल आपोआप. हे मला पटलेलं नाही. आई म्हणतेय पीतांबरी लाव, लख्ख होईल. शेजारचे काका म्हणाले कानस फिरवून दे. मला एवढंच कळायला हवंय की यातली घाण कुठली आणि दोष कुठला, आणि मी काही साफसफाई केली तर परत घेताना ते हात वर करतील का? लाकडावर लॅकर नाहीये, कोरडं, फिकट तपकिरी आहे, वेबसाईटवर लॉरेल लिहिलंय.

प्रतिसाद १

कानस अजिबात फिरवू नका!! आणि काहीही लावायच्या आधी आहे त्या अवस्थेत फोटो आणि झणझणीचा व्हिडिओ काढून ठेवा, तारीख दिसेल असा.

प्रतिसाद २

ताई, मी गिटार रिपेअरचं काम करतो, तुम्ही इतकं नीट लिहिलंय की अर्धं निदान तुम्हीच केलंय.

काळा थर म्हणजे फॅक्टरीत फ्रेट घासल्यावर लावलेल्या पॉलिशचा उरलेला चोथा, नीट पुसलेला नसतो. हिरवं म्हणजे खरंच कळकलेलंच आहे. बहुतेक गिटारचे फ्रेट जर्मन सिल्व्हरचे असतात, नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं, पैकी तांबंच सर्वात जास्त. बोटांचा घाम लागून बॉक्समध्ये महिनोन्‌महिने पडून राहिलं की हिरवं होतं. ही घाण आहे, दोष नाही. ओरखडे म्हणजे फ्रेट लेव्हल केल्यावर, म्हणजे घासून एका उंचीला आणल्यावर, शेवटचं पॉलिश राहून गेलंय, आळशीपणा म्हणा, पण तेही सुधारतं. टोकं टोचतात ते हवेमुळे. लाकूड सुकून आक्रसतं, धातू तेवढाच राहतो, मग टोकं बाहेर. मे महिन्यातली आपली कोरडी हवा लाकडाला फार त्रास देते, खोलीतला दमटपणा 45 ते 55 टक्के असेल तर बरं.

आता आठव्या फ्रेटचं. एकाच जागी झणझण आणि पुढच्या फ्रेटवर स्वच्छ, म्हणजे संशय नवव्यावर, तो उंच असणार. मान वाकडी असती तर बऱ्याच ठिकाणी झणझणलं असतं. तरी खात्रीसाठी जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबा, मधे सहाव्या-सातव्याजवळ तार आणि फ्रेट यात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट दिसली तर मान ठीक. मग एटीएम कार्ड घ्या, त्याची आखूड बाजू पहिल्या आणि दुसऱ्या तारेच्या मधे, तारांना समांतर, आठ-नऊ-दहा या तीन फ्रेट्सवर उभी टेकवा आणि हळू डोलवा. टकटक हललं तर मधला उंच. हललं तर वहीचा कागद नवव्याच्या टोकाखाली सरकवून बघा. कागद आत गेला तर फ्रेट खाचेत बसलेलाच नाही, आणि असा फ्रेट वाजवून वाजवून बसत नाही.

मुदत संपेपर्यंत फक्त कोरड्या सुती कापडाने पुसा, बाकी काही नको. पीतांबरी, चिंच-मीठ ही पाण्याने धुवायच्या भांड्यांसाठी आहेत, गिटार धुता येत नाही, ते सगळं फ्रेटच्या खाचेत आणि लाकडाच्या रंध्रात जाऊन बसेल. खोबरेल तेलही नको, चिकट होतं.

ठेवायची ठरली तर: तारा सैल करून बाजूला घ्या, मधल्या गोल भोकावर कापड टाका, प्रत्येक फ्रेटच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून फक्त धातू उघडा ठेवा. मग चार शून्यवाली स्टील वूल, म्हणजे सर्वात बारीक, ती फ्रेटच्या लांबीच्या दिशेने फिरवा. तारेच्या दिशेने घासाल तर आत्ताचेच ओरखडे परत पडतील. भांडी घासायची काथ्यासारखी तारेची घासणी वापरू नका, ती फार जाड पडते. शेवटी टेप काढताना सावकाश, लाकडाशी चिकटून, वर उपटायची नाही. लाकडाला फ्रेटबोर्डचं लेमन ऑइल चार-पाच थेंब, पाच मिनिटांनी पुसून टाका, वर्षातून एक-दोनदा पुरे.

आणि लॉरेल म्हणजे कमी प्रतीचं असं समजू नका. इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन. 2017 मध्ये शिसवीच्या जातीच्या लाकडावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले तेव्हा बऱ्याच कंपन्या त्याकडे वळल्या. तयार वाद्यांना 2019 मध्ये सूट मिळाली, पण स्वस्त गिटारींवर ऐन राहिलाय.

धागाकर्ती

दादा, खूप खूप आभार. काल रात्री सगळं करून बघितलं. मान ठीक आहे, व्हिजिटिंग कार्ड बेताने सरकतं. एटीएम कार्ड सात-आठ-नऊवर हललं नाही, आठ-नऊ-दहावर मात्र स्पष्ट टकटक, आणि जाड तारांच्या बाजूला तेच कार्ड शांत. कागद नवव्याच्या खाली बारीक तारेच्या टोकाकडून जवळजवळ एक सेंटिमीटर आत गेला. मग पेन्सिलच्या लाकडी टोकाने ते टोक दाबून धरायला भाच्याला सांगितलं आणि मी आठव्यावर तार छेडली, झणझण बंद! सोडलं की परत सुरू. दोन्हीचा व्हिडिओ काढला, मेल केला, या वेळी "वाजवत राहा" कोणी म्हणालं नाही. बदलून देतायत, सोमवारी घ्यायला येणार आहेत.

तोपर्यंत मी फक्त कोरड्या कापडाने पुसलीय, थर तसाच ठेवलाय. नवीन आली की तारा सुरात लावायच्या आधी कार्ड घेऊन पहिल्यापासून विसाव्यापर्यंत बसणार आहे. एक विचारायचं राहिलं, वरच्या फ्रेट्समधलं अंतर कमी होत जातं, तिथे कार्डाची आखूड बाजूही चार फ्रेट्सवर टेकेल ना? मग तिथे कशाने बघू, स्टीलची छोटी पट्टी कापून घेतली तर चालेल का?