मदत हवी आहे: पिशवी न काढता फायब्रॉइडवर उपचार

माझ्या ताईला, वय ४१, गर्भाशयाच्या भिंतीत ६ सेंमीची फायब्रॉइडची गाठ आहे. पाळीत रात्रीतून दोनदा चादर बदलावी लागते, हिमोग्लोबिन ७.८ वर आलंय. लोहाची इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, "मुलं झालीत ना, मग पिशवी काढून टाका." ताईला ते नकोय, आणि मला तिचं पटतं.

नुसती गाठ काढायची मायोमेक्टॉमी, किंवा मांडीच्या नाहीतर मनगटाच्या रक्तवाहिनीतून नळी घालून गाठीचा रक्तपुरवठा बंद करायचं एम्बोलायझेशन, यांपैकी कुणी काही केलंय का? नंतर किती दिवस दुखलं? गाठी पुन्हा झाल्या का? मिरेनाने (गर्भाशयात बसवायची, हार्मोन सोडणारी छोटी टी-आकाराची वस्तू) रक्तस्राव कमी होतो, पण एवढ्या गाठीत ती टिकते का? पुण्यात एम्बोलायझेशन करणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट माहीत असतील तर कृपया सांगा.