एनलायटनमेंटवाल्यांनी समाज खरंच बदलला का? सामान्य माणसापर्यंत ते पोचलं कसं?

मिरजेची_वाचक
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. मेन्ससाठी जगाचा इतिहास वाचतेय आणि १८व्या शतकातल्या युरोपपाशी येऊन अडकलेय. शाळेच्या पुस्तकात ज्याला प्रबोधन म्हणायचे ते नाही, त्याच्या नंतरचं, एनलायटनमेंट, कुणी ज्ञानोदय म्हणतं. व्हॉल्टेअर, रूसो, मॉन्टेस्क्यू, दिदरो ही सगळी मंडळी. ज्या नोट्स उघडाव्या तिथे एकच वाक्य, की या विचारवंतांनी लोकांना विवेक शिकवला आणि त्यातून फ्रेंच राज्यक्रांती झाली. पाठ होतं पण पटत नाही. माझी आजी दुसऱ्याच्या शेतात राबायची, तिला अक्षरओळख नव्हती, अंगठा उठवायची. तिच्यासारखी बाई तेव्हाच्या फ्रान्समध्ये असती तर तिला व्हॉल्टेअर कुठून कळला असता? चार शिकलेल्या लोकांनी पुस्तकं लिहिली आणि अख्खा समाज बदलला हे नेमकं कसं झालं? कुणी एखाद्या खऱ्या उदाहरणावरून सांगेल का?

दगडी_जिना
ताई, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. आधी एक गोष्ट, ते 'त्यातून क्रांती झाली' उत्तरात तसंच उतरवू नका. १७८९ उजाडलं तेव्हा मॉन्टेस्क्यू, व्हॉल्टेअर, रूसो, दिदरो सगळेच वारलेले होते, आणि त्या वर्षी पॅरिसच्या बायका रस्त्यावर आल्या त्या पावाचा भाव परवडेना म्हणून, शिवाय राज्याच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर, १७८८ च्या गारपिटीत हातातलं पीक गेलेलं. विचारांचा वाटा आहेच पण तो वेगळ्या वाटेने आला, आणि ती वाट बघायची तर माझ्या मते फ्रान्समधल्या तुलूझ शहरातल्या एका कापडवाल्याच्या घरापासून सुरुवात करावी.

झां कालास. खाली दुकान, वर बिऱ्हाड. प्रोटेस्टंट कुटुंब, म्हणजे ख्रिस्तीच पण कॅथलिकांहून वेगळ्या पंथाचं, आणि तेव्हा फ्रान्समध्ये प्रोटेस्टंट असणं म्हणजे १६८५ पासून कायद्याने तुम्ही जवळजवळ नाहीतच. थोरला मुलगा मार्क-आंत्वान कायदा शिकलेला, पण कॅथलिक असल्याचा दाखला मिळेना म्हणून वकिली करता येईना, तो आतल्या आत कुढत असायचा. १३ ऑक्टोबर १७६१ च्या रात्री जेवण चालू असताना तो उठून खाली गेला, घरी एक पाहुणा पोरगा जेवायला होता, त्याला निरोप द्यायला म्हणून दिवा घेऊन खाली उतरले तर हा दुकानात मेलेला. घरच्यांनी आधी सांगितलं की कुणीतरी मारलं, नंतर सांगितलं की त्याने गळफास घेतला होता. हे फिरवणं त्यांना भोवलं. पण ते का फिरवलं ते बघा, तिथे आत्महत्या केलेल्याचं प्रेत पालथं घालून रस्त्यातून फरफटत न्यायची शिक्षा होती, कुठला बाप पोराचं तसं होऊ देईल? तोवर बाहेर गर्दी जमली, गर्दीतून कुणीतरी ओरडलं की पोरगा कॅथलिक होणार होता म्हणून बापानेच मारला, आणि ती आरोळी हाच पुरावा झाला. १३ पैकी ८ न्यायाधीशांनी मृत्युदंडाच्या बाजूने मत दिलं. १० मार्च १७६२ ला साठी ओलांडलेल्या त्या माणसाला चाकावर बांधून हाडं मोडून मारलं, त्याआधी साथीदारांची नावं सांग म्हणून घशात पाणी ओतून छळ केला. शेवटपर्यंत तो एकच सांगत राहिला, मी निर्दोष आहे.

व्हॉल्टेअर तेव्हा जिनिव्हाजवळ राहायचा. बातमी कळली तेव्हा आधी त्यालाही वाटलं की बापानेच धर्मवेडाने मारलं असेल. मग कालासचा धाकटा मुलगा दोना जिनिव्हात होता त्याला बोलावून घेतलं, खोदून खोदून विचारलं, आणि खात्री पटल्यावर पुढची तीन वर्षं या माणसाने दुसरं काही सुचू दिलं नाही. मंत्र्यांना पत्रं, वकील उभे केले, वर्गण्या गोळा केल्या, विधवेला पॅरिसला धाडलं, १७६३ मध्ये सहिष्णुतेवरचा ग्रंथ लिहिला तो याच केसवर. कुटुंबाचं तुरुंगातलं चित्र छापून वर्गणीदारांना विकलं आणि पैसे त्यांनाच दिले. ९ मार्च १७६५ ला कालास निर्दोष असल्याचा निकाल लागला, राजाने कुटुंबाला ३६,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) दिले.

आता तुमच्या आजीचं. १७७८ मध्ये व्हॉल्टेअर ८३ वर्षांचा होऊन २८ वर्षांनी पॅरिसला आला. त्याच्या गाडीमागे लोकांची रीघ लागलेली, आणि तेव्हाच्या लोकांनी सांगून ठेवलंय की रस्त्यातल्या एका साध्या बाईला कुणीतरी विचारलं की हा कोण माणूस, तर ती म्हणाली, ओळखत नाही का, कालासना वाचवणारा. तिने त्याची पुस्तकं वाचली असतील असं मला वाटत नाही, पण तो कशासाठी उभा राहिला ते तिला पक्कं माहीत होतं.

टूलरूम_पिंपरी
दगडी_जिना यांनी कोर्टाची बाजू लिहिली, मी माझ्या कामाची लिहितो. मी २२ वर्षं टूलरूममध्ये आहे, इतिहासाचा विद्यार्थी नाही. पण दिदरोच्या ज्ञानकोशातल्या चित्रांचे स्कॅन नेटवर बघितले आणि दोन रात्री झोपलो नाही. १७५१ ला सुरुवात, मजकुराचे १७ खंड आणि नुसत्या चित्रांचे ११, ते पुरे व्हायला १७७२ उजाडलं. आणि चित्रं कसली तर सुतार, लोहार, काच फुंकणारे, छापखाना, मोजे विणायचं यंत्र. टाचणीचंच घ्या, तार ओढायची, सरळ करायची, तोडायची, दगडावर टोक काढायचं, मग बारीक तार गुंडाळून तिचे दोन दोन वेढे कापायचे ती टाचणीची टोपी, ती तापवून मऊ करायची आणि दांडीवर ठोकून बसवायची, अशी १८ कामं त्या लेखात सांगितलीत. अॅडम स्मिथ हा अर्थशास्त्रज्ञ श्रमविभागणी, म्हणजे एक काम अनेकांत वाटणं, समजावताना टाचणीचाच कारखाना घेतो, तिथेही १८ च.

मला यात काय भिडलं सांगतो. दिदरोचा बाप लांग्र गावात चाकूसुऱ्या बनवणारा कारागीर. तोवर विद्या म्हणजे धर्मशास्त्र आणि लॅटिन, हाताने काम करणाऱ्याचं ज्ञान कुणी ज्ञान म्हणून मोजत नव्हतं, आणि या माणसाने वर्कशॉपमध्ये जायचं, कारागिराला विचारायचं की हे असं का धरतोस, आणि ते देवाधर्माच्या लेखांच्या शेजारी अकारविल्हे छापायचं असं ठरवलं. आपण जॉबवर जे शिकतो ते आजही कुणी धड लिहून ठेवत नाही, माझे उस्ताद रिटायर झाले तेव्हा निम्मं त्यांच्याबरोबर गेलं.

खंड महाग होते, पहिल्या आवृत्तीला ४००० च्या आसपास वर्गणीदार, म्हणजे गरिबाच्या घरी गेले नाहीत हे खरं. १७५९ मध्ये सरकारने परवानगी काढून घेतली तरी काम आतून चालूच राहिलं. आणि त्याच्या आधी १७५२ मध्ये जप्तीचा हुकूम निघाला तेव्हा कागद लपवले कुणी, तर सेन्सॉर खात्याचा प्रमुख मालझर्ब, त्याने स्वतःच्या घरात ठेवून घेतले. सरकारातलाच माणूस फिरला होता, बदल असाही होतो ना.

सावित्रीची_लेक
छान लिहिताय सगळे, पण थोडं थांबा. या लोकांच्या 'माणूस' या शब्दात बाई होती का? रूसोने १७६२ मध्ये मुलाच्या शिक्षणावर एवढा मोठा ग्रंथ लिहिला, त्यातल्या सोफी या मुलीचं शिक्षण कशासाठी तर पुरुषाला आवडावं, त्याच्या उपयोगी पडावं म्हणून. आणि स्वतःची पाच मुलं त्याने अनाथालयात टाकली, त्यांच्या आईला विचारलं असेल का कुणी? हे वाचलं की माझा जीव जळतो. ओलांप द गूज हिने १७९१ मध्ये बाईच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला, १७९३ मध्ये तिला गिलोटिनवर चढवलं. एमिली द्यू शातले हिने न्यूटनचा अख्खा ग्रंथ फ्रेंचमध्ये आणला, आणि बाळंतपणानंतर काही दिवसांत गेली, ते पुस्तक छापून आलं ती गेल्यावर दहा वर्षांनी. ताई, ही नावं उत्तरात घाला, नोट्समध्ये नसली तरी.

मेरी वुल्स्टनक्राफ्ट या इंग्लिश लेखिकेने मात्र १७९२ मध्ये रूसोला त्याच्याच शस्त्राने गाठलं. विवेक सगळ्या माणसांना आहे म्हणता ना, मग बाईला तो नाही हे सिद्ध करा. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं, की ज्यांना त्यांनी दाराबाहेर ठेवलं त्यांनीच त्यांचे शब्द उचलून दार ठोठावलं.

मिरजेची_वाचक
बापरे, किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी. ती कालासना वाचवणारा म्हणणारी बाई डोक्यातून जात नाहीये. एकच विचारते, तो निकाल एका कुटुंबापुरता झाला ना, कायदा बदलला का पुढे?

दगडी_जिना
लगेच नाही बदलला. निकालानंतर सव्वा वर्षाने, १ जुलै १७६६ ला फ्रान्समधल्याच आबव्हिल गावात ला बार नावाच्या २० वर्षांच्या पोराचं डोकं उडवलं, धर्माच्या मिरवणुकीसमोर टोपी काढली नाही, वात्रट गाणी म्हटली असले आरोप, आणि प्रेताबरोबर व्हॉल्टेअरच्या तत्त्वज्ञान-कोशाची प्रतही जाळली. पण इकडे मिलानमध्ये बेकारिया नावाच्या २६ वर्षांच्या माणसाने १७६४ मध्ये गुन्हा आणि शिक्षेवर एक लहानसं पुस्तक काढलं, भीतीने नाव न घालता. त्याचं म्हणणं साधं, छळ केला तर अंगाने दणकट गुन्हेगार सुटतो आणि अशक्त निर्दोष कबूल होतो. शिक्षा क्रूर असण्यापेक्षा ती चुकत नाही हे लोकांना माहीत असलं तर गुन्हे कमी होतात. व्हॉल्टेअरने त्यावर भाष्य लिहिलं आणि ते युरोपभर गेलं. ऑस्ट्रियात १७७६ ला छळ बंद, फ्रान्समध्ये कबुलीसाठीचा छळ १७८० ला बंद, इटलीतल्या टस्कनी राज्याने तर १७८६ मध्ये फाशीच काढून टाकली. आणि १७८७ मध्ये फ्रान्सच्या प्रोटेस्टंटांना जन्म, लग्न, मृत्यू नोंदवायचा हक्क मिळाला. तोवर त्यांची लग्नं कायद्याला मान्य नव्हती, मुलं अनौरस ठरायची, वारसाहक्काला कुणीही आव्हान देऊ शकायचं. नोंदवहीतली एक ओळ, पण एखाद्या विधवेला घरातून कुणी काढू शकत नाही एवढं त्या ओळीत आहे.

फुलेवाड्याजवळ
आपल्याकडचा धागा राहिला म्हणून लिहितो. जोतिरावांनी १८४७ च्या सुमारास थॉमस पेनचं राइट्स ऑफ मॅन वाचलं. पेन हा कॉर्सेट शिवणाऱ्याचा मुलगा, त्याने स्वतःही तेच काम केलेलं, आणि भाषा अशी की कामगाराला कळावी. इंग्लंडमध्ये त्या पुस्तकाच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या तसं सरकार घाबरलं, १७९२ च्या डिसेंबरमध्ये तो फ्रान्समध्ये असताना त्याच्या मागे खटला चालवला. तेच पुस्तक पुण्यात एका फुलमाळ्याच्या घरातल्या विशीच्या तरुणाच्या हाती पडलं, दुसऱ्या वर्षी मुलींची शाळा. गुलामगिरी १८७३ ची, अर्पण केलीय अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. म्हणजे कुठल्या बातम्यांवर त्यांचं लक्ष होतं बघा. अर्थात जोतिरावांना जातीचा चटका लहानपणापासून बसलेला, तो काही पेनने शिकवला नाही, एका मित्राच्या लग्नाच्या वरातीतून अपमान करून काढलं होतं त्यांना. पुस्तकाने त्या रागाला शब्द दिले असं मी समजतो.

टूलरूम_पिंपरी
अंगठ्याचं म्हणालात ना ताई, फ्रान्सच्या लग्नाच्या नोंदवह्यांवरून मोजलंय, १७८६ ते ९० मध्ये सही करू शकणारे नवरे ४७ टक्के आणि नवऱ्या २७ टक्के. त्याच्या शंभर वर्षं आधी २९ आणि १४ होतं.

मिरजेची_वाचक
म्हणजे शंभरातल्या ७३ जणी आजीसारख्याच. हे मी लिहूनच ठेवते. दगडी_जिना, कालासच्या बायकोचं नाव काय हो? तीन वर्षं लढली आणि माझ्या नोट्समध्ये ती नुसती 'विधवा' आहे.

दगडी_जिना
आन-रोझ काबिबेल.