गाडीचा विमा मुदतीआधी रद्द केला तर पैसे किती आणि कसे परत मिळतात? (ठाणे-नवी मुंबई अनुभव धागा)

खाडीपूल
गाडी विकली, भंगारात दिली, किंवा मुलाने ऑनलाइन आणि एजंटाने परस्पर अशी एकाच गाडीची दोनदा पॉलिसी निघाली, की प्रश्न ठरलेला: "उरलेल्या महिन्यांचे पैसे मिळतात का हो?" उत्तरं मिळतात, पण दहा ठिकाणी विखुरलेली. म्हणून हा एकच धागा. ज्यांच्या हाताखालून अशी प्रकरणं गेली आहेत त्यांनी लिहा. कागद कोणते, क्रम काय, हिशेब कसा, अडतं कुठे. कंपन्यांची नावं नकोत आणि रडगाणीही नकोत, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

माजिवडा नाका
एंडोर्समेंटच्या, म्हणजे पॉलिसीतल्या बदलांच्या, टेबलाच्या आतल्या बाजूने लिहितो.

पैसे मिळतात. ११ जून २०२४ च्या आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) मास्टर सर्क्युलरपासून ग्राहकाला कारणही द्यावं लागत नाही. पॉलिसी एक वर्षाची असेल आणि त्या मुदतीत एकही क्लेम नसेल, तर उरलेल्या दिवसांचा प्रीमियम दिवसांच्या प्रमाणात परत करायचा असतो. कंपनीला मात्र मनात आलं म्हणून रद्द करता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच, आणि तेही किमान ७ दिवसांची नोटीस देऊन.

हिशेब बघा. जीएसटी सोडून प्रीमियम १२,००० रुपये, पॉलिसी १ एप्रिलपासून, रद्द ३० जूनअखेर. वापरलेले दिवस ९१, उरले २७४. १२,००० गुणिले २७४ भागिले ३६५ म्हणजे ९,००८ रुपये. त्यावरचा १८ टक्के जीएसटी १,६२१. एकूण १०,६२९ च्या आसपास.

आता गंमत अशी की जुन्या छापील अटींमध्ये "शॉर्ट पीरियड" तक्ता अजून सापडतो. त्यात पहिल्या महिन्याला कंपनी २० टक्के ठेवून घ्यायची, पुढे दर महिन्याला १० टक्के वाढवत जायची, आणि आठ महिने उलटले की परत शून्य. वरच्याच उदाहरणात त्या तक्त्याने ४० टक्के कापून ७,२०० हातात आले असते. म्हणजे जीएसटी धरायच्या आधीच १,८०८ रुपयांचा फरक. काउंटरवर कोणी तो तक्ता पुढे केला तर वाद घालत बसू नका. मास्टर सर्क्युलरची तारीख लिहून "दिवसांच्या प्रमाणात हिशेबाचा तक्ता द्यावा" एवढंच मेलवर मागा. तोंडी सांगणाऱ्याला आकडे लेखी द्यायचे म्हटले की बऱ्याचदा हिशेब आपोआप सुधारतो.

"क्लेम नसेल" हे शब्दशः घ्या. काच बदलल्याचा तीन हजारांचा क्लेम हाही क्लेमच. नोंदवून मागे घेतलेला असेल तर तो शून्य रकमेवर बंद झाल्याचं पत्र आधी घ्या आणि मगच रद्दचा अर्ज टाका.

आणि सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते यावर: थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. गाडी रस्त्यावर आणि विमा शून्य, अशी अवस्था कंपनी करून देत नाही. त्यामुळे एकतर त्याच गाडीची दुसरी चालू पॉलिसी दाखवा, नाहीतर आरसी रद्द झाल्याचा कागद. फक्त ओडीची, म्हणजे स्वतःच्या नुकसानीची वेगळी पॉलिसी असेल तर ही अट लागत नाही, कारण ती सक्तीची नाही. पण गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा करार वाचा. बहुतेक करारांत कर्ज फिटेपर्यंत ओडी चालू ठेवायची अट असते.

पाचपाखाडी_९
पॉलिसी घेऊन आठच दिवस झालेत. फ्री लुकमध्ये (न पटल्यास पॉलिसी परत करायच्या मुदतीत) पूर्ण पैसे नाही का मिळणार?

माजिवडा नाका
नाही. फ्री लुक आयुर्विम्याला आणि आरोग्य विम्याला. मोटारीला तो नाही, आठ दिवस वापरलेले धरूनच हिशेब होईल. नूतनीकरण आगाऊ केलं असेल आणि नवी मुदत सुरूच झाली नसेल तर गोष्ट वेगळी. तिथे जोखीम सुरू झालेली नसते, म्हणून अर्ज सुरुवातीच्या तारखेच्या आत पोचवा.

एमएच-४३
विकलेल्या गाडीबद्दल लिहितो, कारण इथे लोक दोन-चार हजारांसाठी लाखांचा धोका पत्करतात.

क्रम असा ठेवा. आधी गाडीवरचे ई-चलान भरून टाका. मग मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं (कलम ५०). हस्तांतराच्या अर्जाला चालू विमा लागतो. तुम्ही तो आधीच रद्द केलात तर वाहन पोर्टलवर विमा संपलेला दिसतो आणि अर्ज तिथेच लटकतो. आरसीवर नवीन नाव चढलं, एमपरिवहन ॲपवर स्वतः डोळ्यांनी पाहिलं, की मगच रद्दचा अर्ज.

कारण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलंय: आरसीवर ज्याचं नाव, भरपाईच्या दाव्यात तोच मालक. गाडी चार हातांतून फिरली असली तरी. तुम्ही तळोज्याच्या माणसाला गाडी दिली, विमा रद्द करून पैसे घेतले, आरसी अजून तुमच्या नावावर आणि त्याने शिळफाट्यावर कुणाला उडवलं, तर मागे उभी राहायला विमा कंपनी नाही. ट्रिब्युनलची नोटीस तुमच्या पत्त्यावर येणार. विमा नसताना गाडी चालवल्याचा दंड (पहिल्यांदा २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही) त्यापुढे किरकोळ.

दुसरा अडथळा: कलम १५७ प्रमाणे मालकी बदलली की थर्ड पार्टी विमा खरेदीदाराकडे गेला असं कायदाच धरतो. म्हणून कंपनी तुमच्याकडे खरेदीदाराच्या नव्या पॉलिसीची प्रत मागते. आणि एकदा किल्ल्या हातात पडल्या की खरेदीदार फोन उचलत नाही. ती प्रत व्यवहाराच्या दिवशीच घ्या, निदान दुसरी किल्ली तोवर स्वतःकडे ठेवा.

परत मिळणारे दिवस गाडी विकल्याच्या तारखेपासून मोजत नाहीत, रद्द लागू होण्याच्या तारखेपासून मोजतात. १२,००० च्या पॉलिसीत रोजचे साधारण ३३ रुपये जातात.

जुन्या गाड्यांच्या डीलरला दिली असेल तर तो अधिकृत आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरकडे गाडी देताना पोर्टलवर फॉर्म २९सी भरून तसं कळवता येतं आणि तिथून पुढची जबाबदारी डीलरवर जाते. "सही करून ठेवा, आम्ही बघतो" म्हणणारा डीलर म्हणजे २९सी नाही.

वाशी_सेक्टर१७
एजंट आहे, त्यामुळे एनसीबीवरच (नो क्लेम बोनस, क्लेम न घेतल्याबद्दल ओडी प्रीमियमवर मिळणारी सूट) बोलतो. रिफंडच्या नादात लोक हा विसरतात आणि मग दुप्पट गमावतात.

एनसीबी गाडीचा नाही, माणसाचा. २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी चढण आहे. गाडी विकून पॉलिसी रद्द करताना त्याच मेलमध्ये एनसीबी राखीव ठेवल्याचं पत्र मागा. सोबत विक्रीचा पुरावा, म्हणजे फॉर्म २९-३० च्या प्रती किंवा नवीन आरसी. हे पत्र तीन वर्षं चालतं. पुढच्या गाडीच्या ओडीवर ५० टक्के सूट म्हणजे परत आलेल्या रकमेपेक्षा मोठी चीज असू शकते.

गाडी तीच ठेवून फक्त कंपनी बदलणाऱ्यांनी थांबावं. आता ३५ टक्क्यांवर आहात आणि नवव्या महिन्यात रद्द केलंत, तर नवीन पॉलिसी परत ३५ वरच. ४५ साठी पुन्हा पूर्ण वर्ष बिनक्लेम काढायचं. ओडी प्रीमियम दहा हजार असेल तर त्या एका पायरीचे हजार रुपये गेले. तीन महिन्यांचा रिफंड आणि नवीन कंपनीची सूट मिळून हे भरून निघतं का, ते कागदावर मांडा. बहुतेक वेळा मुदत संपेपर्यंत थांबणंच स्वस्त पडतं.

तरीही बदलायचीच असेल तर आधी नवीन घ्या, ती सुरू होते त्या तारखेपासून जुनी रद्द मागा. उलटं केलंत आणि मध्ये दोन दिवसांची फट पडली तर नवीन ओडीसाठी गाडीची तपासणी लागते.

कोपरखैरणे_लेजर
जीएसटीची एक तारीख लक्षात ठेवा. कंपनी परताव्यासाठी क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढते, आणि करासकट क्रेडिट नोट काढायची मुदत पॉलिसी काढल्याच्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत असते. मार्च २०२५ मध्ये काढलेल्या पॉलिसीला ३० नोव्हेंबर २०२५. वर्षभराच्या पॉलिसीला सहसा अडचण येत नाही. पाच वर्षांच्या स्कूटर पॉलिसीत मूळ प्रीमियम येतो आणि कर राहून जातो, तो यामुळे.

मानपाडा_दुचाकी
त्या पाच वर्षांच्या पॉलिसीबद्दलच. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला तीन आणि नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. सर्क्युलर म्हणतं, ज्या वर्षांची जोखीम सुरूच झाली नाही त्यांचा प्रीमियम परत. १२५ सीसी स्कूटरचा पाच वर्षांचा दर १ जून २०२२ च्या तक्त्याप्रमाणे ३,८५१ रुपये. सतराव्या महिन्यात विकली तर दुसरं वर्ष चालू आहे, तीन पूर्ण शिल्लक. म्हणजे साधारण २,३११.

पण खरेदीदाराला तोच विमा वर्षाला ७१४ रुपयांनी घ्यावा लागणार, तीन वर्षांचे २,१४२. दोघांचा आकडा जवळपास सारखाच. मग रद्द कशाला करता? पॉलिसी त्याच्या नावावर करून द्या (५० रुपये आणि जीएसटी, अर्ज १४ दिवसांत), आणि दोन हजार गाडीच्या किमतीत धरून घ्या. दुचाकीला आम्ही नव्वद टक्के वेळा हेच सुचवतो.

माजिवडा नाका
सहमत. फक्त ओडीचा भाग हस्तांतराची नोंद होईपर्यंत खरेदीदाराला लागू होत नाही, आणि तुमच्या एनसीबीची सूट कंपनी उरलेल्या मुदतीपुरती त्याच्याकडून वसूल करते. हे त्याला आधीच सांगा, नंतर फोनवर शिव्या नकोत.

अर्ज नेमका कसा करायचा हेही लिहून टाकतो. विषयात पॉलिसी क्रमांक, गाडी क्रमांक आणि "रद्द करण्याचा अर्ज, अमुक तारखेपासून लागू". मजकूर चार ओळी. सोबत पॉलिसीची प्रत, दुसरी पॉलिसी किंवा नवीन आरसी, पॅन, आणि नाव छापलेला रद्द केलेला चेक. चेकवर नाव छापलेलं नसेल तर पासबुकाचं पहिलं पान. अर्ज परत येतात ते अशा बारक्या गोष्टींवर. पॉलिसीवर माहेरचं नाव, खात्यावर सासरचं. खातं संयुक्त आणि चेकवर पहिलं नाव नवऱ्याचं. सगळ्यात चिवट अडचण म्हणजे शोरूममध्ये पॉलिसी काढताना विक्रेत्याने स्वतःचाच मोबाइल नंबर टाकलेला असतो. ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो कधीच नोकरी सोडून गेलेला असतो. अशा वेळी आधी संपर्क बदलाचं एंडोर्समेंट करून घ्या, रद्दचा अर्ज त्यानंतर.

खाडीपूल
दोनदा निघालेल्या पॉलिसीचं काय? आणि भंगाराचं?

माजिवडा नाका
दोनदा निघाली असेल तर नंतर सुरू झालेली रद्द करायची, जुन्या टॅरिफपासूनची (मोटार विम्याच्या दर-नियमांच्या पुस्तिकेपासूनची) पद्धत हीच. दोन्ही एकाच कंपनीच्या असतील तर नंतरचीचे पूर्ण पैसे मागता येतात, वेगळ्या कंपन्या असतील तर दिवसांच्या प्रमाणात. लक्षात आल्याच्या दिवशीच अर्ज करा.

एमएच-४३
भंगार: नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. तिथे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (गाडी जमा केल्याचा दाखला) आणि गाडी मोडल्यावर स्क्रॅपिंगचा दाखला मिळतो. आरसी रद्द झाली की दुसरी पॉलिसी दाखवायची गरज उरत नाही. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिली तर आरसी जिवंतच राहते आणि कंपनीला दाखवायला काहीच नसतं. पूर्ण नुकसानीचा क्लेम घेऊन गाडी मोडीत गेली असेल तर मात्र रिफंड विसरा, क्लेम झालेला आहे.

नौपाडा_तक्रार
कंपनी दाद देत नसेल तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल आणि तक्रार क्रमांक. सोबत विमा नियामकाचं बीमा भरोसा हे तक्रार पोर्टल किंवा फोन १५५२५५. नकार आला किंवा ३० दिवसांत उत्तर नाही, की विमा लोकपाल. फी नाही, वकील चालत नाही, मर्यादा ५० लाख, नकारापासून एक वर्षाच्या आत. जुन्या लेखांमध्ये आपल्या भागाला पुणे किंवा सांताक्रूझ लिहिलेलं सापडेल. आता ठाण्यातच कार्यालय आहे, जीवन चिंतामणी इमारत, ठाणे पश्चिम. ठाणे, रायगड, पालघर जिल्हे आणि नवी मुंबई तिथे येतात. अर्ज ऑनलाइनही होतो. सोबत तुमच्या हिशेबाचा तक्ता आणि कंपनीचा तक्ता शेजारी शेजारी लावा, फरक एका ओळीत.

घणसोली_घरोंदा
गाडी वडिलांच्या नावावर होती, ते गेले. गाडी कोणी चालवत नाही. रद्द करता येईल?

माजिवडा नाका
पॉलिसी लगेच बंद पडत नाही, निधनापासून तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, जे आधी येईल तोवर चालते. त्या आत वारसाच्या नावाने अर्ज करा: मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, मूळ पॉलिसी. आरसी आईच्या नावावर करणार असाल तर पॉलिसीही तिच्या नावावर चढवा. विकणार असाल तरी आधी आरसी वारसाच्या नावावर, मग वरचा एमएच-४३ यांचा क्रम. रिफंड वारसाच्या खात्यात येईल, पण बाकीच्या वारसांचं ना हरकत पत्र मागतील, ते आत्ताच तयार ठेवा.